उभ्या गाडीचा काटा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, म्हणून पत्र.

गॅरेज बंद करताना तू आम्हाला दिलेली गाडी चार वर्षं मुकाट्यानं चालली. आता तीन आठवडे झाले, तापते आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मास्तरांना डायलिसिसला न्यायचं असतं, हे तुला माहीत आहेच. तासाभराचा रस्ता, चार तास मशीन, पुन्हा तासाभराचा रस्ता. घरातसुद्धा मी नवऱ्याला मास्तर म्हणते म्हणून तू हसायचास. आता अख्खं हॉस्पिटल त्यांना मास्तर म्हणतं. एका हाताला सुया आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, असं त्यांचं वहीत चित्रं काढणं चाललेलं असतं.

जाताना गाडीचं काही नसतं. येताना मात्र पुलाचा चढ लागला की तापमानाचा काटा सरकायला लागतो. परवा लाल रेघेला टेकला. कडेला घेतली, तर बॉनेटखालून वाफ. मास्तर मागच्या सीटवर आडवे होते. म्हणाले, "घाई नको. मी आत्ताच धुऊन निघालोय, मला कुठं जायचंय." त्यांना हसू आलं. मला आलं नाही.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, "ताई, रेडिएटर बदलून टाका." त्यानं बॉनेट उघडलं, एक नजर टाकली आणि मिटलं. इतक्या लवकर बॉनेट मिटताना मी तुला कधी पाहिलं नाही, म्हणून तुलाच विचारते. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही, पण सांगितलेलं नीट करीन.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी
धाकटी

·

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आधी एक ऐक. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. फडकं गुंडाळूनही नाही. तासभर थांबायचं. माझ्या दंडावरचा डाग तू पाहिलेला आहेस.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद कर आणि हीटर पूर्ण सोड. उकडून जीव जाईल, पण इंजिनातली उष्णता तेवढी आत ओढली जाते आणि काटा उतरतो. मास्तरांच्या बाजूची काच खाली कर म्हणजे झालं.

आता तपासणी. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघड. कडेला पांढऱ्या प्लॅस्टिकची टाकी आहे, तिच्यावर दोन रेघा आहेत. पाणी त्या दोन रेघांच्या मधे हवं. रोज एकाच वेळी बघायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. गाडीखाली पुठ्ठा घालून ठेव, पाणी गळत असेल तर डाग पडेल. मग इंजिन चालू ठेवून, केस बांधून, समोर उभी राहा आणि रेडिएटरचा पंखा फिरतो का बघ. त्या गॅरेजवाल्याला म्हणावं, रेडिएटरच्या आधी थर्मोस्टॅट काढून बघ. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी झडप असते ती. अडकली की पाणी फिरत नाही.

एक मात्र मला कळत नाही. हॉस्पिटलपाशी गाडी चार तास उभी असते, म्हणजे पुन्हा सकाळसारखी गार होते. रस्ता तोच, पूल तोच, चालवणारी तीच. मग जाताना नाही आणि येताना तापते, हे कसं? नीट आठवून लिही.

इंजिनाबद्दल मात्र मनात किंतु आणू नकोस. ते माझ्या हातचं आहे. चोख आहे.

तुझा
दादा

·

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

सगळं केलं. तीन दिवसांत टाकीतलं पाणी बोटभर उतरलं. पुठ्ठा कोरडा. मग पाणी जातं कुठं? पंखा फिरतो, पण मधेच दम लागल्यासारखा हळू होतो. थर्मोस्टॅट बदलला. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, आणि मला वाटलं सुटलो.

शुक्रवारी पहिल्यांदाच जाताना तापली. पुलाच्या मध्यावर. तू सांगितलेला हीटर लावला, काटा जरा उतरला, पुन्हा चढला. टाकी रिकामी होती, आदल्या दिवशी बघायचं राहून गेलं होतं. पन्नास मिनिटं आम्ही कठड्याला लागून उभे. पोचलो तेव्हा मास्तरांची अर्धी वेळ गेली होती आणि पुढचा पेशंट बाहेर येऊन बसला होता. चार तासांऐवजी अडीच तास मिळाले.

रविवारपर्यंत पाय सुजून आले. घोट्यापाशी बोट दाबलं की खळगा पडायचा आणि भरून यायला वेळ घ्यायचा. मी तो खळगा बघत बसले होते. आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून ते खुर्चीतच बसून राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी मशीनवर गेल्यावर उतार पडला. पण येताना पुन्हा तेच. हॉस्पिटलच्या गेटातून बाहेर पडायच्या आधीच काटा अर्ध्याच्या वर होता. आता बुधवारी काय करू, ते सांग.

तुझी
धाकटी

·

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मास्तरांच्या पायांचं वाचून घास उतरला नाही. डबाभर पाणी गाडीत ठेव आणि निघताना टाकी भरूनच निघ. यात चुकू नकोस.

पण गेटाचं वाक्य मी चार वेळा वाचलं. चार तास बंद असलेल्या गाडीचा काटा गेटापाशी तळाला असतो. अर्ध्याच्या वर होता, म्हणजे गाडी बंद नव्हती. पस्तीस वर्षं हेच केलं, एवढं मला कळतं. लोक यायचे, म्हणायचे, "काही नाही हो, उभीच होती," आणि बॉनेटवर हात ठेववत नसे.

मास्तरांना मशीनला लावून तू गाडी घेऊन जातेस कुठं? कुणाची ने-आण पत्करली आहेस का? नड असेल तर मला सांगायचं होतंस. तो माणूस सुया टोचून पडलेला आणि तू गावभर, हे मला पटत नाही. मधेच त्यांना काही झालं तर तुला कुठं शोधायचं? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. गाडी अशी राबवलीस तर ती तापणारच. त्यात गाडीचा दोष नाही.

दादा

·

९ मार्च

दादा,

पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. तुझं पत्र फ्रीजवर पडलेलं होतं आणि मी त्याच्यासमोरून ये-जा करत होते.

मी कुठंही जात नाही. मी गाडीत बसते.

डायलिसिसच्या बाहेर एक लांब खोली आहे. जमिनीला ठोकून बसवलेल्या खुर्च्या, समोर आवाज बंद केलेला टीव्ही. तिथं बसलं की बाजूचं माणूस विचारतं, किती वर्षं झाली, मुलं काय करतात, दुसरी किडनी का नाही बघितली. वाईट नसतात ती माणसं. वेळ काढत असतात. एक जाड चष्म्याच्या बाई होत्या, त्या काहीच विचारायच्या नाहीत, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसायचे. डिसेंबरात त्या यायच्या बंद झाल्या. त्यांच्या नवऱ्याच्या खाटेवर तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस होता. मी कुणाला काही विचारलं नाही. त्यानंतर मला त्या खोलीत बसवत नाही.

म्हणून मास्तरांना सुया लागल्या की मी खाली पार्किंगमध्ये येते. नर्सबाईंना सांगून ठेवलंय, लागलं तर शिपाई बोलवायला येतो. चपला काढते, सीट मागं पाडते, काचा वर करते, इंजिन चालू करून एसी लावते. काटा चढला की बंद करते, उतरला की पुन्हा चालू करते. दोन तास, कधी अडीच. एसीची हवा हल्ली कोमटच येते, तरी काचा बंदच ठेवते. आवाज येत नाहीत.

रडत नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू तसं धरून चालशील. विचारही करत नाही. समोरच्या भिंतीवर एक गंजका पाइप आहे, तो बघते. पहाटे पाचपासून माझ्या नावानं हाका सुरू होतात, दादा. औषध, उशी, बादली, दूधवाला, दूरवरून लेकीचा फोन. त्या दोन तासांत मला कुणी हाक मारत नाही. तेवढ्यासाठी मी गाडी जाळली. हे तुला आधी लिहिलं नाही, कारण लिहिताना लाज वाटली. आता लाज वाटायचाही कंटाळा आलाय.

गाडी बंद पडली, तेही सांगते. गेल्या बुधवारी सकाळी चालू करताना थरथरली आणि मागून पांढरा धूर, जाता जाईना. गॅरेजवाल्यानं टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू केलं, तर पाण्यात बुडबुडे. मग तो वाकून बराच वेळ आत बघत राहिला. या वेळी त्यानं बॉनेट लवकर मिटलं नाही. म्हणाला, "ताई, हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, पॅकिंग गेलंय. पाणी आत शिरून जळतंय. पण हे हेड आधी एकदा उघडलेलं आहे. बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत. कुणी उघडलं होतं?"

मी म्हटलं, शक्य नाही. माझ्या भावानं मला सांगितलं असतं.

आता भाड्याची गाडी करून जातो. ती वेळेवर येते, एवढं खरं.

धाकटी

·

१३ मार्च

चि. धाकटीस,

हेड मी उघडलं होतं.

ही गाडी तुझ्याकडं यायच्या आधी एका माणसानं पाणी संपलेलं असताना दामटली होती. उकळून बंद पडली, मग माझ्या दारात ओढून आणली आणि मला विकून मोकळा झाला. मी हेड काढलं. तापून वाकलं होतं. त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली की एका जागी फटीतून ब्लेडचं पातं जायचं. ते मशीनवर घासून सपाट करून आणायला हवं होतं. मशीनवाला आठवड्यानं देतो म्हणाला. गॅरेज बंद करायला चार दिवस होते. मी नवीन पॅकिंग घातलं आणि बोल्ट आवळले.

माहीत होतं मला. नजरचूक नव्हती.

गॅरेज कानामुळं बंद केलं असं मी सगळ्यांना सांगितलं. कानाचं खरं आहे, पण बहिरा मेकॅनिक चालतो, इंजिनाला हात लावला की कळतं. माझे हातच थरथरायला लागले होते. पाना बोल्टावर बसेना. त्या आठवड्यात मला फक्त शटर ओढून घरी जायचं होतं. तुला गाडी देताना चोख आहे म्हणालो, आणि मग इतक्या वेळा म्हणालो की मलाच खरं वाटायला लागलं.

पंखा थकल्यामुळं उभ्या गाडीत पाणी तापत गेलं, आणि तेवढ्यानं जुनं दुखणं उघडं पडलं. पण तू बसलीस म्हणून गाडी बिघडली, असं मनात आणायचं नाही. नीट गाडी दिवसभर उभ्यानं चालते. पंखा बदलला की झालं असतं, जर खालचं काम मी नीट केलं असतं तर.

मागच्या पत्रात तुला नको ते बोललो. खरं सांगतो, चूक तुझी निघावी असं मला वाटत होतं. तुझी निघाली की माझी झाकली जाणार होती. त्या नादात मी काय लिहितोय, कुणाला लिहितोय, याचं भान राहिलं नाही.

गॅरेजवाल्याला सांग, कशाला हात लावू नकोस. मी येतो. गुरुवारच्या गाडीनं निघतो. नको म्हणालीस तर थांबतो.

दादा

·

१७ मार्च

दादा,

ये.

पुलावर पन्नास मिनिटं उभी होते तेव्हा मी मास्तरांना म्हणत होते, काळजी नको, दादाचं इंजिन आहे, दुसरंच काहीतरी बारीकसारीक असेल. ते तुला कळावं म्हणून लिहिलं. आणखी काही लिहायला घेतलं होतं, ते फाडून टाकलं. भांडायला सुद्धा अंगात बळ लागतं.

मास्तरांना मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग.

येताना जाड पांघरूण आण. इथं पहाटे गार असतं आणि जादाचं आमच्याकडं नाही.

धाकटी

·

११ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. वहिनीनं पांघरूण उन्हात टाकलं, म्हणाली, ग्रीसचा वास येतोय.

तीन आठवडे तुझ्याकडं राहिलो. तू एकदाही आवाज चढवला नाहीस. वाढताना ताट जरा आपटायचीस, तेवढंच. मला ते ऐकू येत नव्हतं, पण टेबलावर हात असला की कळायचं.

गॅरेजवाला चांगला माणूस आहे. मी त्याच्याबद्दल उगाच वाकडं मनात धरलं होतं. हेड मशीनवरून येईपर्यंत आठ दिवस गेले, तर तो मधे दोनदा स्वतः जाऊन आला. परत आल्यावर पट्टी धरून त्यानं मला बोलावलं, "काका, बघा." कुठूनही उजेड येत नव्हता. बोल्ट मी त्यालाच आवळायला लावले. मी क्रम सांगत होतो, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. माझे हात त्यानं पाहिले असणार. पंखा नवा आहे. मी स्वतः तास दीड तास गाडी उभ्यानं चालू ठेवून आत बसलो होतो. काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला.

आता दुसरं. हे मी तिथं असताना बोललो नाही, कारण मास्तरांनी तसं कबूल करून घेतलं होतं.

गाडी उघडलेली होती तेव्हा भाड्याच्या गाडीनं त्यांना मीच न्यायचो. पहिल्याच दिवशी खाटेपाशी बसलो आणि त्यांना सगळं सांगून टाकलं, हेडचं, पट्टीचं, चोख म्हणाल्याचं. मला माझा आवाज कळत नाही, त्यामुळं बहुतेक पूर्ण वॉर्डनं ऐकलं. मास्तरांनी वही ओढली, लिहिलं, "चार वर्षं चालली ना? शाळेत मी असे कितीतरी पास केले." मग त्यांनी माझा हात घेऊन त्याचं चित्र काढलं. थरथरता हात, रेघ मात्र सरळ.

त्यांच्या खाटेला खिडकी आहे. तिथून खालचं पार्किंग पूर्ण दिसतं. मी खाली बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी वहीची मागची पानं उघडली. तिथं आपली गाडी होती. वरून काढलेली, काचा बंद, टपावर ऊन. एक नाही, दहा-बारा पानं. खाली तारखा.

धाकटे, त्यांना डिसेंबरापासून माहीत आहे.

मग त्यांनी लिहिलं ते पान फाडून मला दिलं. तेच इथं उतरवतो: "बुधवारी मला हॉस्पिटलच्या व्हॅननं एकट्याला जायचंय. ती ऐकणार नाही. तुम्ही गेल्यावर पत्रातून सांगा. पत्राला तिला लगेच नाही म्हणता येत नाही."

तू काय ते ठरव. आणि पुढच्या महिन्यात मी आठवडाभर येऊ का? गाडीचं काही काम नाही. तसाच येईन.

तुझा
दादा

·

२४ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचल्यावर मी मास्तरांशी दोन दिवस बोलले नाही. मला वाटलं, मी नकोशी झाले. व्हॅन चार वस्त्या फिरत जाते, दीड-पावणेदोन तास धक्के खात जावं लागतं. म्हणून मीच वर्षापूर्वी तिला नाही म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं, "तुम्हाला काही झालं तर?" ते म्हणाले, "नर्स आहे, ड्रायव्हर आहे, माझ्यासारखेच आणखी पाच जण आहेत. तू असलीस तरी सुया मलाच टोचतात." मग म्हणाले, "मला वरून बघवत नाही गं."

मी उठून हॉस्पिटलला फोन लावला आणि व्हॅनमध्ये बुधवारची जागा सांगितली.

काल पहिला बुधवार. व्हॅन आली, ड्रायव्हरनं हात धरून त्यांना चढवलं. ते खिडकीपाशी बसले, वही काढली आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम. व्हॅन वळेपर्यंत मी दारात उभी होते.

आत आले तर आठ वाजले होते आणि मला काही करायचं नव्हतं. भांडी घासलेली होती. मी पुन्हा घासली. उशांचे अभ्रे बदलले. गाडीची किल्ली खुंटीवर होती, एकदा वाटलं, मागोमाग जावं. किल्ली काढली, परत अडकवली. मग चहा केला आणि बसून प्यायले. शेवटपर्यंत, गरम असताना. नंतर तिथंच टेबलापाशी बसून राहिले. उठले तेव्हा मानेत कळ होती आणि अडीच वाजून गेले होते. झोपले होते की काय, कोण जाणे.

गाडी छान चालते आहे, सोमवारी आणि शुक्रवारी. मी अजूनही खाली जाऊन बसते. सोमवारी मान वर करून खिडकीकडं हात केला. दिसलं की नाही, विचारलं नाही.

तुझ्यावरचा राग गेला की नाही, ते मलाच सांगता येत नाही. कधी पुलावर गाडी चढायला लागली की येतो, उतरणीला लागली की विसरतो. तू ये पुढच्या महिन्यात. तुला ऐकू येत नाही, त्यामुळं मास्तरांना वहीत लिहायला माणूस मिळतो, आणि मला घरात असं एक माणूस मिळतं, ज्याला हाका मारता येत असूनही ते मारत नाही.

काल चारला व्हॅन परत आली. मास्तर उतरले, चेहरा उतरलेला, अंगात जीव नाही, नेहमीसारखेच. दाराच्या चौकटीला टेकून दम घेतला. मग मला विचारलं, "कसा गेला दिवस?"

तीन वर्षं हा प्रश्न मी त्यांना विचारते आहे. मला तो पहिल्यांदाच कुणी विचारला.

म्हटलं, "बसले होते."

"कुठं?"

"घरात."

तुझी
धाकटी